त्या देशाला नाव आहे

ज्या हॉलमध्ये तो माणूस माइक हातात धरून उझबेकिस्तानला ‘रशिया’ म्हणत होता, तिथं पूर्वी कापसाच्या गाठी रचलेल्या असत. माधवनगरच्या मिलचं ते गोदाम. मिल बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, जागा विकली गेली आणि आता तिथं मंगल कार्यालय उभं आहे. गुळगुळीत फरशी, खोटी झुंबरं, खांबांना गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या वेली. तरी मागच्या दारानं आत शिरलं की मला अजून तो वास येतो. सरकीचा, यंत्राच्या तेलाचा, ओलसर गोणपाटाचा. खरंच येतो की मीच तो बरोबर घेऊन जाते, सांगता येणार नाही. माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या, सदऱ्याला हाच वास असायचा.

मी आले होते माझ्या मुलीसाठी, तिला घेऊन. अनुजाला डॉक्टर व्हायचं आहे. इथल्या सरकारी कॉलेजातली जागा थोडक्यात हुकली. माझा नवरा फौजेत, त्यामुळे असली धावपळ माझ्या धाकट्या भावाच्या, विजयच्या, वाट्याला येते आणि तो ती मनापासून करतोही. त्यानंच फोन केला होता. ‘ताई, परदेशी मेडिकलचं सेमिनार आहे, आपल्या मिलच्या जागेतच. रशियाचं आहे. तुला तिकडचं कळतंय, तू चल.’

पडद्यावर चित्रं सरकत होती. निळे घुमट, पांढरी इमारत, कोट घालून हसणारी मुलं. कोटातला तो सल्लागार सांगत होता की हा रशियन साइडचा देश आहे, हवा थंड आहे, भाषेची काळजी अजिबात नको. का नको, तर तिथल्या माणसांशी बोलायची आपल्या मुलांवर वेळच येत नाही. होस्टेल आपलं, मेस आपली, वॉर्डन आपला. मुलींना तर लोकल लोकांपासून लांबच ठेवतो. ‘तसे मागासच लोक आहेत,’ तो हसून म्हणाला, ‘पण आपल्याला काय करायचंय? डिग्री घ्यायची आणि यायचं.’

आयाबाया, बाप, काके, सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या विजयचीही मान हलली. ती हलली मात्र, आणि माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली. कारण विजयनं आयुष्यात पहिला शब्द उच्चारला, तो त्या देशाच्या भाषेत.

आण्णा मिलमध्ये स्पिनिंग मास्तर होते. आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातलं, मेंढरांमागं फिरणारं आमचं घर. त्यातून शिकून कापसाच्या धंद्यात आलेला हा एकटा माणूस. मिलची घरघर सुरू झाली तेव्हा मुंबईच्या एका कंपनीनं त्यांना विचारलं, नव्या देशात सूतगिरणी उभी करायची आहे, येता का. नवा म्हणजे अगदी कोरा देश. आदल्याच साली स्वतंत्र झालेला. शाळेच्या नकाशात तो मला सापडला नव्हता. नकाशावर एकच मोठा गुलाबी पट्टा होता आणि त्यावर जुनं नाव छापलेलं होतं.

आम्ही गेलो तेव्हा विजय आईच्या कडेवर होता. ताश्कंदहून मोटारीनं डोंगर ओलांडला आणि फरगाना खोऱ्यात उतरलो, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खरबुजांचे ढीग लागले होते. गाडीच्या बंद काचांतूनही तो गोड, जड वास आत येत होता. कंपनीच्या माणसांसाठी चार मजली इमारतीत खोल्या होत्या, पण आमची तयार नव्हती. म्हणून थोड्या दिवसांसाठी इमारतीमागच्या मोहल्ल्यात एका बाईंच्या घराचा अर्धा भाग आण्णांनी भाड्यानं घेतला. खोली तयार झाली, तरी आई तिथून हलली नाही.

त्या बाईंचं नाव महबूबा. सगळा मोहल्ला त्यांना ओपा म्हणायचा. ओपा म्हणजे मोठी बहीण. आईनं पहिल्याच दिवशी त्याचं ‘आपा’ केलं, कारण माधवनगरात आमच्या शेजारणीला आम्ही आपाच म्हणायचो. आपा शाळेत भाषा शिकवायच्या. नवरा नव्हता. एक म्हातारी आई होती आणि गुलनोरा नावाची मुलगी होती, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी, कंबरेपर्यंत वेण्या असलेली.

त्या घराचं अंगण मी अजून डोळे मिटून फिरू शकते. दारातून वाहणारा अरुंद पाट आणि त्याचा रात्रंदिवस खळखळाट. डोक्यावर द्राक्षाचा मांडव. कोपऱ्यात मातीची भट्टी, तिच्या आतल्या भिंतीला आपा ओल्या हातानं भाकरीएवढ्या रोट्या चिकटवायच्या, तेव्हा पिठाचा आणि तिळाचा असा काही वास उठायचा की मी पुस्तक टाकून पळत यायची. रोटीला ते ‘नोन’ म्हणतात. ती उलटी ठेवायची नाही, सुरीनं कापायची नाही, खाली पडली तर उचलून कपाळाला लावायची. आईनं हे पाहिलं त्या दिवसापासून तिला त्या घरात परकं असं काही वाटलंच नाही.

भाषा मात्र कुणालाच येत नव्हती. आण्णांचं हिंदी चालेल असं त्यांना वाटलं. त्यांनी मोठ्या ऐटीत ‘सब्जी’ मागितली, तर आपांनी गाजरं आणून दिली. तिथं सब्जी म्हणजे गाजर. आम्ही सगळे अंगणात लोळेपर्यंत हसलो आणि मग एक खेळच सुरू झाला. आई वस्तू हातात घेऊन तिचं नाव सांगायची, आपा आपलं नाव सांगायच्या. साबण दाखवला, तर त्या म्हणाल्या सोवून. कुलूप दाखवलं, तर कुल्फ. तवा दाखवला, तर तोवा. डोक्याच्या फडक्याला त्यांनी रोमोल म्हटलं आणि आईनं पदरातला रुमाल काढून त्यांच्यापुढं धरला. दोन बायका एकमेकींच्या घरातल्या वस्तू उचलून उचलून बघत होत्या आणि दर तिसऱ्या वस्तूला जुनी ओळख निघत होती. इथून निघताना आम्हाला सांगितलं होतं की तिकडं सगळं वेगळंच आहे.

तो देशही तेव्हा स्वतःची ओळख करून घेत होता. चौकातला पुतळा काढलेला होता, नुसता चौथरा उरला होता आणि त्यावर बसून आम्ही मुलं भाजलेल्या खारवलेल्या जर्दाळूच्या बिया फोडायचो. मला गुलनोराच्याच शाळेत घातलं होतं, तिथं सकाळी राष्ट्रगीत व्हायचं. चाल जुनीच होती, शब्द नवे होते, आणि मोठी माणसं मध्येच चुकून जुन्या शब्दांवर जायची. मग मुलं तोंडावर हात धरून हसायची. गुलनोरा मात्र हसायची नाही. ती ताठ उभी राहून एकेक नवा शब्द स्वच्छ म्हणायची.

आपांना राग यायचा तो अक्षरांवरून. आण्णांना एव्हाना कामापुरती भाषा येऊ लागली होती, त्यांनी तो राग आम्हाला समजावून सांगितला. आपांची आई लहानपणी अरबी अक्षरं शिकली. मग ती रद्द झाली आणि लॅटिन आली. मग तीही गेली, रशियन आली. आता देश स्वतंत्र झाला, तर पुन्हा लॅटिन येणार. भाषा तीच, बोलणं तेच, आणि एका बाईच्या एका आयुष्यात तिची अक्षरं इतक्यांदा काढून घेतलेली. ‘माझी आई जे लिहायची ते मला वाचता येत नाही,’ आपा म्हणायच्या. ‘मी लिहिते ते माझ्या नातवंडांना वाचता येणार नाही. असं कुणी कुणाच्या घरात करतं का?’ म्हातारी आजी कोपऱ्यात हिरव्या चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसलेली असायची. ती काही बोलायची नाही. बहुधा तिला आता कुठलीच अक्षरं नको होती.

वसंतात त्यांचं नवं वर्ष लागतं, नवरोझ. मोहल्ल्यातल्या बायका मोड आलेले गहू वाटून त्याचं दूध काढतात आणि मोठ्या कढईत पीठ घालून आळीपाळीनं ढवळत बसतात. आईला त्या कढईजवळ नेलं तेव्हा ती वासानंच थबकली. ‘आगं, ह्यो तर कुरडईचा चीक,’ ती म्हणाली आणि कुणी सांगायची वाट न बघता तिनं दांडका हातात घेतला. साखरेचा कण न घालता तो गोड झाला, तपकिरी झाला आणि वाटीवाटीनं घरोघर गेला. वाटी घेऊन जाणाऱ्यांत मीही होते. अनोळखी दारातून कुणी माझ्या ओंजळीत अक्रोड टाकले, कुणी गालाला हात लावला.

विजय या अंगणात चालायला शिकला आणि बोलायलाही. आम्ही घरात मराठीच बोलायचो, पण तो दिवसभर आपांच्या पायांत असायचा. पाण्याला तो ‘सुव’ म्हणायचा. चंद्राला ‘ओय’. आपा त्याला विजयजोन म्हणून हाक मारायच्या आणि तो दोन्ही हात वर करून धावत सुटायचा.

आणि मग कापसाचे दिवस यायचे.

हे सांगताना माझा आवाज चढतो, अजूनही. शरद ऋतूत शाळा रिकामी व्हायची. वरच्या वर्गातली मुलं आणि मास्तर गाड्यांत बसून शेतावर जायचे, आठवड्यांमागून आठवडे तिथंच गोठ्यांत, गोदामांत झोपायचे आणि कापूस वेचायचे. जुन्या राजवटीत चालत आलेलं नव्या देशातही चालूच होतं. गुलनोरा गेली तेव्हा तिच्या वेण्यांना नवी निळी फीत होती. परत आली तेव्हा बोटांची टोकं बोंडांच्या काट्यांनी फाटली होती आणि खोकला लागला होता. तिनं मला तळहात दाखवला आणि लगेच मिटून घेतला.

आण्णा गिरणीत गाठी फोडून घेताना कापसात सापडलेलं काहीबाही खिशात घालून आणायचे. दोऱ्या, कागदाचे बोळे, बटणं. असला कचरा यंत्रात गेला तर सूत खराब होतं, म्हणून तो वेगळा काढावा लागतो. त्या वर्षी एका संध्याकाळी त्यांनी खिशातून जे काढून ठेवलं, त्यात एक लहान मुलीची केसांची फीत होती. लाल. गुलनोराची नव्हती, कुणाचीही असेल. आण्णा ताटावरून उठून गेले. दुसऱ्या दिवशी गिरणीत ते वरच्या साहेबांशी बोलले. साहेब म्हणाले, आपण पाहुणे आहोत, मास्तर, आपल्याला सूत काढायचंय. आण्णा घरी येऊन पाटाच्या कडेला बसून राहिले. आपा त्यांच्यापासून थोड्या अंतरावर उभ्या होत्या. मग हातातली चहाची किटली त्यांनी आण्णांच्या शेजारी ठेवली.

त्याच हिवाळ्यात विजय आजारी पडला. आण्णा यंत्राचे भाग आणायला ताश्कंदला गेले होते. बर्फानं रस्ता बंद झाला होता. गॅसची धार इतकी बारीक की चहासुद्धा उकळेना. विजयचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, ओठ निळे पडत चालले होते. आई मराठीत ओरडत आपांच्या दारात गेली. आपांनी एकदा पोराकडं पाहिलं. त्यांच्या खोलीत जमिनीतल्या खड्ड्यात निखारे, वर बुटकं मेज आणि मेजावर मोठी गोधडी, असं त्यांचं ऊब धरायचं साधन होतं. त्या गोधडीत त्यांनी विजयला स्वतःच्या उघड्या अंगाशी धरलं, छातीला मेंढीच्या शेपटीची चरबी चोळली. आईनं ती चरबी ओळखली. तिच्या माहेरीही मेंढीची चरबी छातीला लावायचे. मग पोराला गोधडीतच आईच्या हवाली करून आपा गुडघाभर बर्फातून चालत गेल्या आणि गावाच्या दुसऱ्या टोकाहून डॉक्टरला हाताला धरून घेऊन आल्या. इंजेक्शन झालं. डॉक्टर गेल्यावर त्यांनी पुन्हा पोराला स्वतःकडं घेतलं आणि ताप उतरेपर्यंत सोडलं नाही. त्यांच्या बुटांतून पाणी निथळून जमिनीवर डबकं झालेलं मला दिसतंय. बूट काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

गिरणी नीट सुरू झाली आणि आण्णांचं काम संपलं. जाताना आपांनी नोनचा एक घास विजयला खायला लावला आणि उरलेली रोटी घरात भिंतीला टांगली. ज्याचा घास, तो परत येऊन ती संपवतो, असं तिथं मानतात. ती कधीच संपली नाही. आम्ही पत्रं लिहिली, काही पोचली असतील, काही नसतील. मग तीही थांबली.

परत आल्यावर आण्णांच्या थोरल्या भावानं आम्हाला गावच्या घराबाहेर उभं केलं. तिकडं काय काय खाल्लं असेल, म्हणून आमच्या अंगावर गोमूत्र शिंपडलं. जी माणसं वर्षातून चारदा बकरं कापतात त्यांनी. आई पदर सावरून उभी राहिली. विजयला तहान लागली होती. तो ‘सुव, सुव’ म्हणून रडू लागला आणि चुलत भावंडं खदाखदा हसली. ‘रशियन माकड’ हे नाव त्याला तिथंच पडलं. पुढं कित्येक महिने तो पोरगा बोललाच नाही. जेव्हा बोलला तेव्हा स्वच्छ मराठी बोलला, आणि त्याच्यात दुसरं काही उरलेलं नव्हतं. गल्लीतल्या बायका आईला विचारायच्या, तिकडं बायकासुद्धा दारू पितात म्हणे? आईनं एक-दोनदा अंगणाचं, द्राक्षांचं सांगून पाहिलं. मग तिनं त्या देशाचं नाव काढणं सोडलं. आण्णा गेले, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायला उभा राहिलेला मिलमधला सहकारीही म्हणाला, ‘मास्तर रशियात राहून आलेले.’

म्हणून त्या दिवशी हॉलमध्ये मी उठून उभी राहिले. मी एवढंच विचारलं, तिथं मुलांना उझबेक भाषा शिकवतात का? सल्लागार गोंधळला. म्हणाला, ‘मॅडम, त्याची गरजच पडत नाही.’ मी म्हटलं, रोग्याला कुठं दुखतंय हे डॉक्टर कुठल्या भाषेत विचारणार? पाठीमागं कुणीतरी हसलं. तो म्हणाला, पुढचा प्रश्न.

घर हाकेच्या अंतरावर. अनुजा पुढं चालत होती, मी आणि विजय मागं. दारात पोचेपर्यंत विजय धुमसत राहिला आणि अंगणात शिरल्यावर बोललाच.

‘ताई, चारचौघांत तमाशा कशाला? नाव काय का असंना. आणि तो म्हणाला ते खोटं थोडंच आहे? मी नेटवर वाचलंय. शाळा सोडून पोरांना कापूस वेचायला लावत होते. मागासच की.’

‘आणि आपल्या कारखान्यांच्या फडावर कोयत्यामागं जी पोरं येतात ती कुठल्या शाळेतनं येतात रे? त्यांना बघून तू कुठल्या देशाला मागास म्हणालास?’

‘मला त्यातलं काय आठवत न्हाई. आठवत न्हाई त्याच्यासाठी मी का भांडू?’

आई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिचे हात थांबले. ती ओरडली नाही. इतक्या वर्षांत आम्ही तिच्या तोंडून जे ऐकलं नव्हतं ते तिनं शेंगांच्या सुपाकडं बघत सांगायला सुरुवात केली. बर्फ, निळे ओठ, निखाऱ्यांवरची गोधडी. अनुजा खांबाला टेकून ऐकत होती.

‘माझ्या हातात पोरगं गार पडत चाललं हुतं,’ आई म्हणाली. ‘त्या बाईनं आपल्या अंगाची ऊब दिली तुला. तिची माझी जात न्हाई, धरम न्हाई, बोली न्हाई. आन तू हितं खुर्चीत बसून तिला मागास म्हनलेलं ऐकून घेतलंस. मान बी हलवली असशील.’

विजय म्हणाला, ‘मग मला सांगितलं का न्हाईस? कवा सांगितलंस तू? माझंच हुतं की ते.’

‘सांगितलं असतं तर तू पोरांत जाऊन बोलला असतास. परत माकड म्हनले असते तुला.’

तो चप्पल घालून निघून गेला. मला त्याचा राग आला होता, आणि तो निघून गेल्यावर त्याच्या रागाचाही मान ठेवावासा वाटला. एका माणसाची पहिली भाषा हसून हसून मारून टाकली होती आणि त्याला तिचं सुतकसुद्धा पाळू दिलं नव्हतं.

जायचं की नाही, हे अनुजानं ठरवलं. तिनं स्वतःच कॉलेजची नावं शोधली, तिथं शिकणाऱ्या सीनियर मुलींशी फोनवर बोलली आणि जिथं स्थानिक मुलांबरोबर वर्ग होतात, भाषेचा तास असतो, असं एक निवडलं. त्या सल्लागाराकडून नव्हे. मला म्हणाली, ‘आई, तू मला बोलायला शिकव.’ रोज संध्याकाळी आम्ही बसू लागलो. मला येणारी अक्षरं तिच्या उपयोगाची नव्हती, ती बदलली होती. मी शब्द म्हणायची, ती फोनवर नव्या अक्षरांत शोधून लिहायची आणि माझे उच्चार सुधारायची. आई आतून मध्येच एखादा शब्द टाकायची, जो मी विसरलेली असायची. विजय कधी कधी येऊन दारात उभा राहायचा. आमचं संपेपर्यंत जायचा नाही.

निघायच्या आठवड्यात त्याच्या मित्रमंडळानं चौकात फ्लेक्स लावला. हे आमच्याकडं होणारच. अनुजाचा मोठा फोटो, गुलाबाची फुलं, आणि ठळक अक्षरांत: ‘कु. अनुजा हिची रशिया येथे वैद्यकीय शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ मी शाळेत शिकवून परत येताना पाहिला आणि तिथंच उभी राहिले. भांडायचं तरी कुणाशी? पोरांनी प्रेमानं लावलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर विजय शिडीवर चढून तो उतरवत होता. खाली मंडळाची पोरं नाराज होऊन उभी.

‘दादा, रशिया म्हटलं की लोकास्नी लगेच कळतंय,’ त्यातला एक म्हणाला. ‘हे लांबडं नाव कोण वाचणार?’

‘वाचतील की,’ विजय वरूनच म्हणाला. ‘अडखळत वाचतील.’

त्यानं आणलेला नवा फ्लेक्स चारही बाजूंनी ताणून बांधला गेला, तोवर आई घरातून हळूहळू चालत चौकापर्यंत आली होती. तिला वाचता येत नाही. माझ्या दंडाला धरून ती वर बघत उभी राहिली आणि म्हणाली, वाच. मी वाचलं. देशाचं नाव तिनं मला पुन्हा वाचायला लावलं. तोंडातल्या तोंडात तिनं ते एकदा म्हणून पाहिलं.

मग तिची नजर खाली आली. फ्लेक्सच्या तळाशी नेहमीसारखी गोल चौकटींतली फोटोंची रांग होती, पांढऱ्या कपड्यांतले, हात जोडलेले पुढारी.

‘ही कोण?’ तिनं विचारलं.

विजयनं नावं सांगितली. शुभेच्छुक, मार्गदर्शक.

‘ह्यांनी काय केलंय तुझ्यासाठी?’ आई म्हणाली. ‘महबूबा आपा कुठाय ह्यात?’